टपावरची स्कूटर

बॅटरीवर चालणारी ती स्कूटर मी पहिल्यांदा उचलली तेव्हा कमरेतून कळ निघाली आणि तोंडातून शिवी. साल दोन हजार आठ. शहापूर-मुरबाड रस्त्यावर माझी पॅसेंजर जीप होती. स्कूटर दिसायला खेळण्यासारखी, पण पोटात चार बॅटऱ्या, त्याही नट-बोल्ट मारून बसवलेल्या. तांदळाच्या पोत्याला निदान धरायला कान असतात. हिला कुठंही धरा, काहीतरी कडकन वाजायचं.

मालक महिपतकाका. मुरबाडच्या अलीकडच्या एका गावातले, रिटायर झालेले पोस्टमन. उजवा गुडघा गेलेला, एसटीची पायरी चढवत नसे. लायसन लागत नाही म्हणून त्यांनी ही स्कूटर घेतली आणि दर पंधरा दिवसांनी शहापूरला लेकीकडे जाऊ लागले. मनस्वी त्यांची एकुलती एक. जाताना स्कूटर ऐटीत जायची. परतताना सापगावचा पूल ओलांडला की चढाला मान टाकायची. मग काका कडेला उभे, हात वर, आणि चेहरा असा की जणू मीच उशीर केलाय.

मी पॅसेंजर उतरवायचो. दोन गडी टपावरच्या कॅरियरवर, दोन खाली, मधे दोर. काका खालून हुकूम सोडायचे, "आरसा सांभाळ रे, आरसा!"

"काका, आरसा काढून खिशात ठेवा. जमलं तर स्कूटरपण ठेवा," मी म्हणायचो. सगळे हसायचे. ते दिवस आठवले की आजही जीव हळवा होतो. कितीही घाई असली तरी माणसं उतरून हात लावायची. आता त्याच रस्त्यावर कुणी कुणासाठी गाडीची काच खाली करत नाही.

चौथ्या की पाचव्या खेपेला भर दुपारी दोर निसटला. स्कूटर घसरत खाली आली, तिला आवरायला काका धावले आणि कोपरावर आपटले. रक्त आलं. माझं डोकंच फिरलं.

"अर्धा दिवस लेकीकडं बसता, तिथं चार्जिंगला लावता येत नाय काय? वायर तर सीटखालीच हाय तुमच्या!"

काकांनी रुमाल कोपराला दाबला. हळूच म्हणाले, "लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं काय घ्यायचं नाय, जयराम. आमच्यात तसंच हाय. मी पाणीपण घरनं नेतो."

"अवो, पण ही वीज हाय!"

"गाडी माझी ना? तिचं पोट भरलं म्हंजे माझंच भरलं."

झालं, पॅसेंजरांत दोन पक्ष पडले. गुणाबाईंचं म्हणणं, वीज सरकारची, ती चालते. भगीरथचं म्हणणं, बिल जावयाच्या नावावर येतं, म्हणून चालत नाही. मला ते ऐकवेना. रक्त थांबत नव्हतं आणि शहापूर जवळ होतं. आम्ही स्कूटर चढवून घट्ट बांधली आणि सगळ्यांना विचारून मी जीप मागं फिरवली. काका वाटभर "नको रे, नको" करत होते.

मनस्वी अंगणात कपडे वाळत घालत होती. बापाचं कोपर बघून ती धावली, जखम धुऊन हळद दाबली. मी तोंडाचा फाटका, सगळं सांगून मोकळा झालो. बाप आपल्याकडं जेवत नाही, हे तिला ठाऊक होतंच. पण तो स्कूटरलाही उपाशी ठेवतो, हे नव्हतं ठाऊक. ती आधी खळखळून हसली. मग हसता हसताच तिचा चेहरा बदलला.

"लग्नाला नऊ वर्षं झाली, बाबा. मला मूल होणार नाय, असं डॉक्टरांनी मागंच सांगितलंय. तुमाला सांगायचा धीर नाय झाला." तिचा आवाज फाटला. "मग आता माझ्या दारातनं तुमी जन्मभर उपाशीच जाणार काय?"

गुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, उगाच आणलं यांना इथं. बापाच्या तोंडावर लेकीनं हे बोलायचं आणि आम्ही परक्यांनी उभं राहून ऐकायचं, माझी मलाच लाज वाटली.

काकांनी रक्ताचा रुमाल घडी करून खिशात घातला. मग उठले. "जयराम, गाडी उतरव."

आम्ही दोर सोडला. मागच्या चाकाखाली मनस्वीनंच खांदा लावला. काकांनी सीटखालची वायर काढली, उलगडली आणि तिचा प्लग लेकीच्या हातात ठेवला. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. "लोडशेडिंग हाय. सहाशिवाय लाइट यायची नाय."

"मग थांबतो की." काका ओट्यावर टेकले. तिच्याकडं न बघता म्हणाले, "तवर... भाकर हाय काय गो?"

ती दारातच उभी राहिली. मग आत पळाली. आतून पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मी पॅसेंजरांना खूण केली आणि जीप चालू केली.

मनस्वीला मूल झालं नाही. काका मात्र शेवटपर्यंत तिच्याकडं जेवले.