भिंगरीच्या वाटची मेनोरा

सन एकोणीसशे एकसष्ट. त्या वर्षीच्या थंडीत मला पेटवायचं की नाही, यावरून एका घरातली दोन शहाणी माणसं आठवडाभर एकमेकांशी धड बोलली नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी मेनोरा आहे. ज्यू लोकांच्या हनुक्काच्या सणात आठ संध्याकाळी जिच्यात मेणबत्त्या लावतात, ती. पण दुकानातली नव्हे, घरी केलेली. इस्त्रीच्या मोडक्या फळीचा एक तुकडा आणि नऊ पितळी नट, एवढाच माझा ऐवज. मला पाहून कोणी ‘किती सुंदर’ म्हटल्याचं आठवत नाही. ‘हे काय आहे?’ असं मात्र पुष्कळांनी विचारलं.

मला केलं भिंगरीनं. तेव्हा ती सात वर्षांची होती. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण पोरगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिचे बाबा नळजोडणीचं काम करत. गल्लीत त्यांना ‘फिटर’ म्हणत. आई घरी बसून दुकानांच्या कपड्यांना काज-बटणं करी. या घराची एक रीत होती. ज्यानं त्यानं आपली मेनोरा करायची आणि ज्यानं त्यानं आपली लावायची. बाबांची नळाच्या तुकड्यांची होती, आईची पत्र्याची.

भिंगरीनं बाबांच्या डब्यातले नट पळवले आणि ते फळीवर सरसानं चिकटवून टाकले. पण सरळ नाही. मधले खाली, कडेचे वर.

“हे काय गं?” बाबांनी विचारलं.

“हसतेय ती.”

“हसू दे. पण आठही एका ओळीत हवेत, एका उंचीवर. कुठली संध्याकाळ मोठी नाही, कुठली धाकटी नाही. आणि नववी कुठाय? जी या आठांना पेटवते, ती वेगळी उठून दिसायला हवी. तिची मोजदाद यांच्यात नाही.”

“म्हणजे राबायचं तिनं, आणि मोजायचं पण नाही?”

“आईला विचार,” आई आतून म्हणाली. “आईला ठाऊक आहे ते.”

भिंगरी रडली. बाबांनी ते नट उपटले, गिरमिटानं फळीत सरळ ओळीनं उथळ भोकं पाडली आणि आठ नट ठोकून बसवले. नवव्यासाठी आईनं दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ दिलं. त्याच्या डोक्यावर नट बसला आणि मी पुरी झाले. त्या संध्याकाळी भिंगरीनं मला खिडकीत ठेवलं आणि रस्त्यावरच्या लोकांनी मान वर करून पाहिलं. तेच तर हवं असतं. आम्हाला खिडकीत ठेवतात ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

मित्रांनो, मेणबत्त्या मांडायच्या उजवीकडून. पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असं वाढवत न्यायचं. पेटवायच्या मात्र डावीकडून, म्हणजे आजची नवी आधी आणि मग मागच्या. आणखी एक गोष्ट. आमच्या उजेडात काम करायचं नाही. वाचायचं नाही, शिवायचं नाही. नुसतं बघायचं. दिवसभर ज्या बाईच्या बोटांतली सुई सुटत नसे, ती भिंगरीची आई त्या वेळी हात मांडीवर ठेवून बसे. मला तो वेळ फार आवडे. सगळं घर एका ओळीत बसलेलं असे आणि कोणालाच काही काम नसे.

अशी पुष्कळ वर्षं गेली. भिंगरीच्या पाठची धाकटी बहीण मोठी झाली. तिनं आपली मेनोरा मातीची केली. ती एका अंगाला कलली होती, आणि “माझी विचार करतेय,” असं धाकटी सांगे. आणि मग ते एकसष्ट साल आलं.

बाबांनी पाणीखात्याच्या कचेरीत भिंगरीसाठी नोकरी ठरवून ठेवली होती. चार लोकांना सांगूनही झालं होतं. भिंगरीनं मात्र दूरच्या शहरातल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम धरलं आणि घरी सांगितलं ते सामान बांधून झाल्यावर. बाबांचा चेहरा पडला, आणि मग चढला.

“उंबरा ओलांडलास की या घरची राहिली नाहीस.”

भिंगरी म्हणाली, “बरं.”

भांडली असती तर बाबांना सोसलं असतं. ते ‘बरं’ मात्र त्यांच्या घशात काट्यासारखं अडकलं. त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघेना.

हनुक्काची पहिली संध्याकाळ आली. आईनं तिघांच्या मेनोरा खिडकीत ठेवल्या आणि कपाटातून मलाही काढून शेजारी ठेवलं. उजवीकडच्या नटात एक मेणबत्ती लावली, रिळावर एक. पण पेटवली नाही.

“ही कशाला?” बाबा म्हणाले. “ज्याची त्यानं लावायची. ती कुठाय?”

“दूर गेलेल्या माणसाच्या वाटची घरच्यांनी लावली तर त्याची लागली, असं माझी आई सांगायची.”

“घरच्या माणसाची लागते. ती घरची नाही.”

“तेच ठरवायचंय,” आई म्हणाली. “मी लावली तर ती नुसती माझी मुलगी राहील. तुम्ही लावा. म्हणजे घरची राहील.”

बाबांनी तोंड फिरवलं. तिन्ही मेनोरा पेटल्या. मी तशीच उभी.

दुसऱ्या संध्याकाळी आईनं माझ्यात दुसरी मेणबत्ती ठेवली. तिसऱ्या संध्याकाळी तिसरी. रोज एक कोरी वात वाढे आणि रोज मी शेजारणींची ऊब अंगाला घेत अंधारी राहत असे. ज्योती जळत तोवर आईला शिवता येत नसे. एरवी ती सुईत जीव गुंतवून दिवस ढकलत होती. पण त्या अर्ध्या तासात हात रिकामे पडत, आणि रिकाम्या हातांना लेक आठवे. डाव्या हाताची बोटं उजव्या हाताची नखं चाचपत राहत. बाबा तिच्याकडे बघत नसत. माझ्याकडेही नाही. छताकडे बघत.

धाकटी एकदा म्हणाली, “बाबा, छताला गळती लागलीय का?”

“तू गप गं.”

आठव्या दिवशी बाबा दिवेलागणीला कामावरून परतत होते. आईनं नुकतीच माझी आठवी मेणबत्ती खोचली होती, खिडकी उघडी होती, म्हणून खालचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. समोरची पाववाली मावशी दुकानाच्या पायरीवरून ओरडली, “ओ फिटर! सगळ्या जगाचे नळ दुरुस्त करता, आणि तुमच्या खिडकीतली एक मेनोरा रोज विझलेली कशी हो?”

बाबा थांबले. वर बघितलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं असेल.

“विझलेली नाही,” ते म्हणाले. “लावायची राहिलीय.”

शब्द तोंडातून निघून गेला होता. मावशीनं मान डोलावली आणि ती पाव मोजायला वळली. बाबा मात्र बराच वेळ तिथंच उभे होते, पिशवी या हातातून त्या हातात घेत.

वर आल्यावर त्यांनी हात धुतले. सगळे जमले. आशीर्वचनं म्हणून झाली. बाबांनी आपली मेनोरा सोडून आधी माझ्यासमोर उभं राहून रिळावरची मेणबत्ती पेटवली, ती उचलली, आणि हात उजवीकडे नेला.

“बाबा, उलट!” धाकटी ओरडली. “नवी आधी! तुम्हीच तर शिकवलंत.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “पण पोरीची पहिल्या संध्याकाळपासून राहिलीय. पहिलीपासूनच लावतो.”

एकेक करत त्यांनी आठही लावल्या. आईचे हात मांडीवर होते, आणि आज बोटं शांत होती.

त्यानंतर दर वर्षी बाबा आपल्याआधी मला लावत, आणि रीतीप्रमाणे डावीकडून. आई म्हणे, “अहो, कळवा तरी तिला.” बाबा म्हणत, “येईल तेव्हा दिसेलच की खिडकीत.” आई म्हणे, “मी नाही सांगणार. हे तुमचं तुम्हीच सांगायचं.” दोघंही एकाच माळेचे मणी. येणाऱ्याजाणाऱ्यांकडून भिंगरीची खुशाली कळे, पण ती येत नसे. आणि मी दर हिवाळ्यात खिडकीतून त्या रस्त्याच्या वळणाकडे बघत जळत असे.

भिंगरी आली ती बाबा गेल्यावर. पाहुणे पांगल्यानंतर धाकटीनं मला तिच्या मांडीवर ठेवलं. “ताई, ही बाबा दर वर्षी लावायचे. तुझ्या वाटची.”

भिंगरी खूप वेळ माझ्या नटांतलं मेण नखानं चाचपत राहिली. मग म्हणाली, “मला वाटायचं, माझी कोणी लावत नसेल. म्हणून मी तिकडे बटाट्याला भोकं पाडून त्यात लावायचे. एकटीच.”

पुढं आई धाकटीजवळ राहिली. नजर गेली तरी सणाच्या दिवसांत ती ज्योतींसमोर बसे आणि ऊब कुठून येते त्यावरून किती लागल्यात ते सांगे. धाकटीनं बाबांची अवजारांची पिशवी उचलली. गल्ली तिलाही ‘फिटर’ म्हणू लागली. पाववाली मावशी लेकाकडे गेली, तिच्या दुकानात आता चष्मे मिळतात. भिंगरीनं मला आपल्याबरोबर नेलं. छापखान्यातले खिळे भंगारात जाईपर्यंत तिनं तिथंच काम केलं. तीही आता नाही. मी धाकटीच्या नातीच्या कपाटात, जुन्या पडद्यांखाली असते. एखाद्या वर्षी तिला माझी आठवण होते, एखाद्या वर्षी होत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी असेल, तर मेण सुरीनं खरवडू नका. गरम पाण्याच्या फडक्यानं ते आपोआप सुटतं. आणि कोणी दूर गेलं असेल तर त्याच्या वाटची जरूर लावा. पण तेवढ्यावर थांबू नका. खिडकीतला उजेड रस्त्याच्या वळणापर्यंतच दिसतो. त्याच्यापलीकडे असलेल्या माणसाला तोंडानं सांगावं लागतं, की बाळ, तुझी लावलीय.