रोज अर्धा पौंड

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा तिरंदाजीच्या स्पर्धेत नाव दिलं. बांबूच्या धनुष्याने पन्नास मीटरवर बाण मारायचा होता. बाण तिथवर पोचायला धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, निदान तीस पौंड लागते, हे मी मैदानावर तपासलं होतं.

धनुष्य सासऱ्यांनी केलं. हिंमतराव खडकीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले सुतार. ते सकाळी काम करत. मी संध्याकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आले की मोजत असे. पहिल्याच दिवशी ओढ छत्तीस पौंड भरली, पण दोरीपासून मुठीच्या वरच्या भुजेचं अंतर खालच्या भुजेपेक्षा चार मिलिमीटर जास्त होतं. म्हणजे खालची भुजा कडक. वडीलधाऱ्यांची चूक दाखवणं बरं दिसत नाही. मी काचेच्या तुकड्याने खालची भुजा खरवडून फरक काढला आणि भुसा झाडून टाकला.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चार मिलिमीटर. वहीत लिहिलं, ‘रात्रीची आर्द्रता?’ पुन्हा खरवडलं.

पंधरा दिवसांत ओढ साडेअठ्ठावीसवर आली. आलेख काढला तर सरळ रेषा. स्पर्धेला तीन दिवस उरले होते. सकाळच्या चहाला मी वही त्यांच्यापुढे ठेवली.

“बाबा, बांबू थकतोय. रोज अर्धा पौंड.”

“बांबू थकत नाही.”

“शिवाय भुजांमध्ये रोज चार मिलिमीटरचा फरक पडतो. तो मी संध्याकाळी काढते.”

“तू काढतेस?”

“तुम्हाला सांगणं बरं दिसलं नसतं.”

बाबांनी कप बशीत ठेवला. “अगं दीपमाला, तो फरक मी मुद्दाम ठेवतो. मूठ बाणाच्या खाली येते, म्हणून खालची भुजा जराशी कडक लागते. सकाळी बघावं तर फरक गायब. म्हटलं, बांबू रात्रीतून बसतोय. मग मी वरची खरवडायचो.”

“मला विचारायचं नाही का?”

“एम.एस्सी. झालेल्या सुनेला? ते बरं दिसलं असतं?”

खरवडलेला बांबू परत चिकटवता येत नाही. धनुष्य आखूड केलं तर मात्र ओढ वाढते. बाबांनी दोन्ही टोकांकडून दोन-दोन बोटं बांबू करवतीने कापला आणि दोरीसाठी नव्या खाचा पाडल्या. ओढ मोजायला मी तानकाटा लावला. साडेतीस. भुजांमधला फरक नऊ मिलिमीटर.

मी काचेचा तुकडा उचलला.

“हात लावलास तर बघ,” बाबा म्हणाले.

“तुम्हीही लावू नका.”

रविवारी माझा पहिला बाण पन्नास मीटर गेला आणि शेजारच्या बाईंच्या लक्ष्यात रुतला. पंचांनी माझ्या नावापुढे शून्य लिहिलं.

“पोचला,” बाबा मागून म्हणाले.