कुंपणाबाहेरची झाडं

कंपनीचा माणूस गावप्रमुखाच्या अंगणात बोलायला उभा राहिला, तेव्हा माझी आई त्याच्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर त्याच्या गाडीत बसलेल्या पोलिसावर होती.

औषधासाठी गांजा पिकवायला आता कायद्यानं परवानगी आहे, तो सांगत होता. कंपनीकडे परवाना आहे, खालच्या उतारावर कुंपण घालून लागवड होईल, गावाला काम मिळेल. ज्यांच्याकडे गांजा आहे त्यांनी शेतं दाखवावीत, त्यांनाही कंपनीच्या शेतकरी संघात घेऊ.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आमच्या लेसोथोच्या डोंगरात मक्याच्या ओळींमध्ये गांजा कोण लावत नाही? पण चारचौघांत कुणी तसं म्हणत नाही.

शेजारची दिम्फोमावशी उठली. ती आणि आई एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. ‘‘माझं शेत बघा,’’ ती म्हणाली. ‘‘जन्मभर लपूनछपून पिकवायचा कंटाळा आला.’’

आईनं आपल्याकडे नुसता मका असल्याचं सांगितलं. बायका तोंडावर घोंगडी धरून हसल्या.

पीक फुलोऱ्यावर आलं आणि पोलीस आले. आईचं शेत कापून त्यांनी तिथंच जाळलं, आणखी दोघींचंही. दिम्फोमावशीच्या शेताकडे कुणी वळलं नाही. गाव काय समजायचं ते समजलं. ती पाणवठ्यावर आली की बोलणी थांबायची. आई तर तिच्या दारावरून जायची बंद झाली.

एकदा मावशीनंच तिला वाटेत अडवलं. ‘‘मी नाव सांगितलं असं वाटतं तुला?’’

‘‘तुझं शेत उभं आहे,’’ आई म्हणाली. ‘‘मला एवढंच दिसतं.’’

बी धरल्यावर कंपनीची माणसं आली, मावशीच्या चांगल्या झाडांचं बी पिशव्यांत भरून घेऊन गेली. मग तिचंही शेत कापलं गेलं. ती कंपनीच्या कुंपणाच्या फाटकावर धावली. तिथल्या राखणदारानं तिला खरं ते सांगितलं. बाहेरच्या नर झाडांचा पराग वाऱ्यानं आत आला की फुलांत बी धरतं, औषधाचा माल बिघडतो. म्हणून आसपास एकही झाड ठेवायचं नव्हतं, पहिल्यापासूनच; मावशीचं शेत फक्त बियाण्यापुरतं राखलं होतं. आईचं शेत कुणी दाखवलं, ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मावशी ज्वारीची आंबील घेऊन आमच्याकडे आली. फाटक बडवून तिचे तळवे सोलवटले होते. मूठभर बी दे, म्हणाली.

आईनं त्या तळव्यांकडे पाहिलं. ‘‘नाही गं, सगळं जळलं.’’

‘‘आहे तुझ्याकडे,’’ मावशी शांतपणे म्हणाली. ‘‘तुझ्या जागी मीही दिलं नसतं.’’

दोघी आंबील प्यायल्या. पुढं येणंजाणं पुन्हा सुरू झालं, बियाण्याचा विषय सोडून.

यंदा आईनं वर डोंगरात कुठंतरी पेरलंय. कुठं, ते तिनं मलाही सांगितलेलं नाही.