चुना लावलेली भिंत

भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या कसबे पिंपळखोऱ्याला १९३७ साली म्युनिसिपल कमिटी मिळाली आणि गाव बसल्या जागी शहर झालं. पाण्याच्या घागरी बायकांच्या डोक्यावरच राहिल्या. चौकात मात्र कारंजं आलं. त्यात पाणी नव्हतं, पण चार संगमरवरी बगळे होते.

चौकामागच्या बोळात धोंडाबाई कासारीण राहायची. तिच्या दारासमोर मानसिंगरावांची भाताची वखार. मालक पुण्याला गेल्याला बारा वर्षं झाली होती. वखारीत साप आणि घुशी सुखानं नांदत होत्या. बोळाकडच्या भिंतीला चांगलं हातभर पोट सुटलं होतं. एकदा धोंडाबाई शेजारच्या नलूला बांगड्या भरत असताना वरून चिरा निसटला, तो थेट बांगड्यांच्या पाटीत. नलू वाचली, बांगड्यांचा चुरा झाला.

धोंडाबाई तशीच पुन्हा कमिटीत गेली. चेअरमन नारायणराव गंभीर झाले. गंभीर होणं त्यांना फार छान जमायचं.

"बाई, ती खाजगी मालमत्ता. कमिटीला हात लावता येत नाही. मालकाचा पत्ता लागला की नोटीस काढू."

"तीन वर्सं तेच सांगताय, रावसाहेब."

"कामं का थोडी आहेत? कारंज्याला अजून कठडा व्हायचाय."

पुढच्याच महिन्यात वरचे साहेब पाहणीला यायचे ठरले. चार गडी बादल्या घेऊन बोळात शिरले, तेव्हा भिंतीला टेकू लागणार म्हणून धोंडाबाईचा जीव भांड्यात पडला. गड्यांनी भिंतीला चुना फासला आणि वर गेरूनं लिहिलं : 'आदर्श शहर'.

"चुना लावताना भिंत खाजगी न्हवती व्हय?" तिनं नारायणरावांना विचारलं.

"ही शोभा आहे, बाई. शोभा सार्वजनिक असते."

साहेबांनी मोटारीतूनच शोभा पाहिली, मान डोलावली आणि गेले. दुसऱ्या दिवशी धोंडाबाईनं बोळाच्या दोन्ही तोंडांना काटेरी फांद्या लावल्या, भिमा पाथरवटाला पहार घेऊन बोलावलं आणि पदर खोचला. दुपारपर्यंत भिंत गुडघ्याएवढी झाली. चिरे तिनं वखारीच्याच आवारात नीट रचले. चोरीचा आळ नको.

भिंत पाडल्यावर तिसऱ्या दिवशी कमिटीचा चुना नासवल्याबद्दल माफी मागण्याचं फर्मान आलं. ते घेऊन खुद्द नारायणराव आले आणि त्यांच्यासोबत, काय सांगावं, मानसिंगराव! तीन वर्षं न सापडलेला पत्ता दोन दिवसांत सापडला होता.

"माझी भिंत कुणी पाडली?" मानसिंगराव गरजले.

"म्या," धोंडाबाई म्हणाली. "बाकीच्या तीन बी तुमच्याच न्हवं?"

"माझ्याच!"

"ऐकलंत न्हवं, रावसाहेब? मालक घावला. काढा नोटीस."

बोळात माणसं जमली होती. सगळे नारायणरावांच्या तोंडाकडे बघू लागले. नारायणरावांनी गंभीर व्हायचा प्रयत्न केला. या वेळी जमलं नाही. अखेर वखार उतरवायची नोटीस निघाली. आठवड्याभरात उरलेली वखार भिमानंच उतरवली, आणि मजुरी मानसिंगरावांनी दिली.

माफी काही धोंडाबाईनं मागितली नाही. कमिटीची आणखी दोन स्मरणपत्रं आली. कागद चांगला जाड होता. बांगड्या बांधून द्यायला उपयोगी पडला.