फडकं भिजेपर्यंत

“तुजी सगुना टोपली घेऊन खाडीकडं चाललेली दिसली. मना वाटलं तू पुढं असशील,” डोक्यावरची पाटी उतरवता उतरवता आवडाबाई म्हणाली, “तू तर इथं!”

चंद्रभागाचा कोयता बोंबलावरच थांबला. “कवा बघितलीस?”

“मघाशी. मी निघाले तवा. का गो, काय झालं?”

चंद्रभागा उत्तर द्यायला थांबली नाही. “पाटी बघ माजी,” एवढं बोलून ती ठाण्याच्या बाजारातून ओल्या पायांनी धावत सुटली. मागे गिऱ्हाईक “अहो, माझे बोंबील!” म्हणून ओरडत राहिलं. नऊ वाजून गेले होते, आणि आज अमावास्या होती.

पहिल्या रिक्षावाल्याने नाक मुरडलं. “मौशी, मासलीचा वास जात नाय गाडीचा दोन दिवस.” दुसऱ्याला विचारायच्या भानगडीत ती पडलीच नाही. सरळ आत बसली आणि म्हणाली, “बाळकुम. लवकर. पोरगी पाण्यात हाय.” त्याने मागे वळून तिचं तोंड पाहिलं आणि गाडी काढली.

सगुणा अकरा वर्षांची होती आणि तिचं कोणतंही काम शेवटाला जात नसे. पाण्याला पाठवली की हंडा नळाखाली वाहत राही आणि ही मांजराचं पिल्लू घेऊन घरी येई. एक वेणी घातलेली, दुसरीकडचे केस मोकळे, अशी ती दिवसभर हिंडे. चौथीत शाळा सुटली. बाई म्हणाल्या होत्या, “डोकं आहे हो तिला, पण ते एका जागी बसत नाही.” बाईंना एवढं तरी समजलं. कोळीवाड्याने तिला सरळ अर्धवट ठरवून टाकलं होतं, आणि बाप, नाथा, म्हणायचा की दोन फटके पडले की येईल ताळ्यावर. फटके पडले. ताळा काही सापडला नाही.

चंद्रभागाला सापडला, तोही चुकून. एकदा तिने तीन बोटं दाखवून तीन कामं सांगितली आणि पोरीने ती तिन्ही केली, त्याच क्रमाने. मग चंद्रभागाने ध्यासच घेतला. ‘जरा वेळाने’, ‘पुरे झालं’, ‘बघून ये’ असले शब्द सगुणाच्या डोक्यात टिकत नाहीत, डोळ्यांना दिसेल ते टिकतं, हे तिला कळलं होतं. म्हणून तिने खाडीतल्या खडकाच्या फटीत एक खुंट रोवला आणि त्याला गुडघ्याच्या उंचीवर लाल फडकं बांधलं. चिखल उघडा पडला की निघायचं. खडकावरची कालवं काढायची. फडकं भिजलं की थांबायचं. मग कोयती कमरेला, टोपली डोक्यावर, मागे वळून बघायचं काही राहिलं का, काठावर पाय धुवायचे आणि घर गाठायचं.

सहा महिने ती रोज लेकीबरोबर गेली. रोज तेच, त्याच शब्दांत. दुसरी पोरं मुद्दाम हाका मारून सगुणाला कामावरून उठवत, म्हणून तिने एक गोष्ट आणखी घातली. “फडकं भिजल्याबिगर हलायचं नाय. कोनी हाक मारली तरी. मी मारली तरी.” आणि काठावरून स्वतःच हाका मारून पाहिल्या होत्या. पोरगी जागची हलली नव्हती. त्या दिवशी चंद्रभागा घरी येऊन हसत हसत रडली होती.

गेल्या अष्टमीला तिने सगुणाला पहिल्यांदा एकटीला पाठवलं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, लहान भरती. खाडीचं पाणी आळसात चढतं, फडक्याशी येऊन दमतं, आणि खडक नि काठ यांच्यामधल्या नाळेत, त्या खोल ओहळात, कमरेएवढं संथ उभं राहतं. सगुणा चार दिवस गेली, चार दिवस टोपली भरून आली. “आता रोज जायचं हां,” चंद्रभागा कौतुकाने म्हणाली होती. पुढचे तीन दिवस नाथा तापाने पडला, ती घरी राहिली, पोरगी तिच्या नजरेखाली राहिली. आज ती पहाटे बाजाराला निघाली तेव्हा सगुणा झोपली होती.

अमावास्येला उधाण येतं. ओहोटीला चिखल लांबच लांब उघडा पडतो आणि भरती लागली की नाळेतून पाणी उसळत घुसतं. फडक्याशी ते दमत नाही, तिथे त्याला जोर चढतो. उधाणाला एकट्या पोराने त्या खडकावर जायचं नसतं. हे कोळीवाड्यात कुणी कुणाला सांगत नाही. पोरं अंगणात खेळता खेळताच ते शिकतात. चंद्रभागाला तिच्या आईने सांगितलं नव्हतं आणि तिनेही सगुणाला सांगितलं नव्हतं. रिक्षात हे तिच्या लक्षात आलं. माझ्याच तोंडाने मी तिला बांधून ठेवलंय, ती मनात म्हणाली. तिने दांडा इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली.

काठावर पोचली तेव्हा निम्मा चिखल पाण्याखाली गेला होता. दूर खडकावर सगुणा पाठमोरी उकिडवी बसून कालवं फोडत होती, शांतपणे, मन लावून. तिच्या आणि काठाच्या मधली नाळ भरभरून वाहत होती.

“सगुनाऽऽ!”

पोरीने वळून पाहिलं. आई दिसली म्हणून हसली आणि पुन्हा कामाला लागली.

“अगो ये! पानी आलं!”

“फडकं कोरडं हाय, आये!” तिने तिथूनच ओरडून सांगितलं, मोठ्या अभिमानाने.

चंद्रभागाने लुगडं खोचलं आणि नाळेत उतरली. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. ओढ अशी की पाय ठेवला तिथे राहीना. जन्म खाडीत गेलेली बाई, पण तिला एवढी भीती कधी वाटली नव्हती. तिला स्वतःचं काही वाटत नव्हतं. परतताना बरोबर सगुणा असणार होती, आणि तोवर पाणी थांबणार नव्हतं.

ती धापा टाकत खडकावर चढली. सगुणाचे घोटे बुडाले होते. फडकं अजून वीतभर वर होतं. हात धरून ओढावं असं तिच्या मनात आलं, पण काम चालू असताना ओढलं की पोरगी अंग ताठ करून खाली पडते, किंचाळते, हे तिला ठाऊक होतं. नाळेच्या मध्ये ती तशी पडली तर दोघी गेल्या असत्या. समजावून सांगायला वेळ नव्हता. सांगून पटणारंही नव्हतं.

चंद्रभागाने ओंजळ भरली आणि फडक्यावर ओतली. आणखी एक ओतली. लाल रंग गडद झाला, टोकावरून थेंब गळायला लागले.

सगुणाने निरखून पाहिलं. भिजलं की निघायचं, एवढंच ठरलं होतं. कुणी भिजवायचं ते ठरलं नव्हतं.

“भिजलं,” ती म्हणाली. कोयती कमरेला खोचली. टोपली डोक्यावर घेतली. मग वळून खडकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहू लागली, काही राहिलं का. पाणी पोटरीला आलं. चंद्रभागा दात आवळून उभी होती. लवकर कर, हे शब्द तिने गिळले. मध्ये तोडलं तर पोरगी पहिल्यापासून सुरू करेल, याची तिला धास्ती होती.

“काय नाय राह्यलं,” सगुणा म्हणाली.

“चल. माज्या कमरेला धर. सोडू नको.”

नाळेत पाणी चंद्रभागाच्या छातीला आणि सगुणाच्या गळ्याला लागलं. मधोमध पोरीचे पाय सुटले, टोपली गेली, एक क्षण नुसते केस दिसले. चंद्रभागाने हाताला लागलं ते धरलं, वेणी होती की फ्रॉक होता हे तिला नंतर कधीच आठवलं नाही, आणि ओढत, गिळलेलं पाणी थुंकत ती काठाला लागली.

दोघी चिखलात बसल्या. सगुणा खोकली, भरपूर खोकली. मग उठून डबक्याशी गेली आणि चोळून चोळून पाय धुऊ लागली.

चंद्रभागाचा हात मारायला वर गेला. ती धावत तिच्यापाशी पोचलीही. पण पोरीची काहीएक चूक नव्हती. तिने तो हात खाली घेतला.

“आये, टोपली गेली,” सगुणा म्हणाली. “बाकी बरोबर झालं ना?”

“बरोबर झालं गो. चुकी माजी झाली.” चंद्रभागा तिच्याशेजारी बसली. खुंट आता दिसत नव्हता. “ऐक. अमावास्येला खाडीत जायचं नाय.” तिने एक बोट मोडलं.

“आनि?”

“पुनवेला जायचं नाय.”

“आनि?”

“नाळंत पानी धावताना दिसलं, तर फडकं कोरडं असलं तरी निघायचं. मी हाक मारली की यायचं. येकटी असशील नि भ्या वाटलं, तरी यायचं.”

“आनि?”

आणखी काय काय कुणी कुणाला सांगत नाही ते चंद्रभागा आठवून एकेक बोट मोडत सांगू लागली. वारा फिरला तर. चिखलात पाय रुतला तर. आई नसली तर. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताचीही संपली, पण सांगायचं संपेना.

सगुणाने पाय धुणं थांबवलं, हात फ्रॉकला पुसला आणि स्वतःची पाच बोटं आईपुढे धरली.