चित्रावरची कुमारी

"नावापुढे 'कुमारी' लिहू नकोस गं ओर्सिना. एकदा लिहिलंस की लोक तेच मागत बसतील," जिनेव्रा आत्या म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. एकोणीस वर्षांची होते, आरशात बघून स्वतःचं पहिलं चित्र पुरं केलं होतं. ऐटीत सही केली. बाईने काढलेल्या चित्राचं आमच्या बोलोन्या शहरात कौतुक होतंच. कुमारीने काढलेल्या कुमारीचं जरा जास्तच.

आता मी चोवीस वर्षांची, सात महिन्यांच्या मुलीची आई. परगावच्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक नाही. बाबांच्या चित्रशाळेत माझा नवरा लिव्हिओ रंग घोटतो, आणि बाहेरचं कुणी आलं की मला 'बाईसाहेब' म्हणतो. आमची दोरोतेआ मोंझुनोच्या डोंगरात, दूध पाजणाऱ्या मेंगाकडे आहे. "एवढं चित्र झालं की आणू तिला," बाबा म्हणाले होते. त्यानंतरचं हे तिसरं.

सकाळी बाबा पाठीशी येऊन उभे राहिले.

"डोळ्यांखाली हे काळं काय?"

"आरशात दिसतंय ते काढलंय."

"मांतोव्याहून येणाऱ्या गिऱ्हाइकाला आरसा नकोय, पोरी." त्यांनी चिंधी घेतली आणि माझी सगळी जाग्रणं पुसून टाकली.

दुपारी तो माणूस आला. चित्र बघून खूश झाला.

"वा, उस्ताद! हिच्यासाठी स्थळं बघताय की नाही?"

"तिचं लग्न कुंचल्याशी लागलंय," बाबा म्हणाले. लिव्हिओ खाली मान घालून निळा रंग घोटत राहिला.

"मग अशीच आणखी दोन हवीत. वसंतापर्यंत."

"मला मुलगी आहे," मी म्हणाले.

तो आधी सहीतल्या 'कुमारी'कडे बघून, मग माझ्याकडे बघून खो खो हसला. "आणि थट्टेखोरही आहे की!"

तो गेल्यावर मी लिव्हिओला म्हटलं, "उद्या तू तरी दोरोतेआला बघून ये."

"बाबा सोडतील का? आता दोन चित्रांचे रंग..."

डोंगरातली खबर एक खेचरवाला आणतो. तीनदा आणली. "काय करत होती?" विचारलं की म्हणतो, "झोपली होती." तिन्ही वेळा भरदुपारी. शेजारीण सांगते, दूध पाजणाऱ्या काही बाया पोरांना खसखशीच्या बोंडाचं पाणी पाजतात. पोर गुंगीत पडून राहतं, रडत नाही मग.

तुम्ही त्या वाटेने जाणार असाल तर मेंगाचं घर विचारा, चर्चच्या मागचं. दुपारीच जा. दोरोतेआ झोपलेली असेल तर उठवा, मेंगा नको म्हणाली तरी. तुमचं बोट तिच्या तळहातावर ठेवा. ती ते धरते का, एवढं मला कळवा.