होडीच्या अंगावर कोरलेलं नाव

जहाजातून आमच्या बेटावर उतरलेला एक पाहुणा परवा माझ्या भट्टीवर आला. कसावाच्या कंदाच्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाला, "हे पुठ्ठ्यासारखं लागतं." मी म्हटलं, "मग पुठ्ठाच खा की. तुमच्या जहाजावर भरपूर असेल." बिचारा ओशाळला आणि चार भाकऱ्या घेऊन गेला. माझ्या भावाची नात डेल्फिना तव्याशी बसली होती. ती खिदळत म्हणाली, "आत्याआजी, तू म्हणजे ना, सॅव्हेज आहेस!" आणि टाळीसाठी हात पुढे केला.

माझ्या हातातलं उलथनं तसंच वर राहिलं. पोरीला टाळी द्यावी की थोबाडीत, तेच मला कळेना.

शाळेत मास्तरीण हाच शब्द आम्हाला, बेटावरच्या मूळच्या लोकांच्या पोरांना, छडीबरोबर द्यायची. हात न धुता खाल्लं, सॅव्हेज. आपल्या बोलीत बोललं, सॅव्हेज. म्हणजे रानटी, माणसात न बसणारे. पण घरी आई याच शब्दाचा आमच्या बोलीतला भाऊबंद वेगळ्याच गोडीनं वापरायची. कुणी न लावता डोंगरात आपसूक वाढलेल्या कंदाला ती तसं म्हणायची, आणि तो कंद परसातल्यापेक्षा गोड असतो, असंही सांगायची. आता ही पोर तोच शब्द मला बक्षीस म्हणून देत होती. डोक्याचं नुसतं भरीत झालं. टाळी काही मी दिली नाही.

पण खरं रामायण पुढे झालं.

माझा थोरला भाऊ प्रॉस्पर होड्या कोरतो. मोठ्या वादळानं डोंगरातली गोमिएची जुनी झाडं झोपवली, त्यातलं एक त्यानं डेल्फिनासाठी राखून ठेवलं होतं. वर्षभर तो त्या खोडाशी झुंजत होता. आतून कोरलं, मग पाणी आणि दगड भरून, दोन्ही अंगांना जाळ लावून त्याचं पोट हळूहळू रुंद केलं. आता त्याचे हात थरथरतात, त्यामुळे ही त्याची शेवटचीच होडी, हे आमच्या सगळ्या सालिबिया गावाला ठाऊक होतं. डेल्फिना आणि तिच्या मैत्रिणी शनिवारच्या शर्यतीत ती वल्हवणार होत्या.

आमच्या घराण्याची एक रीत आहे. ज्यानं होडी कोरली, तो तिच्यात पहिला बसतो. तो बसल्याशिवाय दुसऱ्या कुणी तिच्यात पाय ठेवायचा नाही. बापाला एकदा हुडहुडी भरली होती, तरी घोंगडीत गुंडाळून आणून बसवला होता.

शुक्रवारी सकाळी प्रॉस्पर होडीला शेवटचा हात फिरवायला गेला आणि जागीच थिजला. पोरींनी होडीच्या अंगावर आपल्या चमूचं नाव घातलं होतं. गोमिएचं लाकूड कितीतरी दिवस डिंक ओकतं, त्यावर रंग टिकत नाही, एवढी अक्कल त्यांना होती. म्हणून त्यांनी चांगल्या हातभर अक्षरांत, छिन्नीनं खोल कोरलं होतं: सॅव्हेज.

त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तासणी खांद्यावर टाकली.

"मी हिच्यात बसणार नाही," तो म्हणाला.

"दादा, खरवडून टाक ना," मी म्हटलं.

"होडीचं अंग दोन बोटं जाड. एक बोट यांनीच खाल्लंय. आता खरवडलं, तर पहिल्या खडकालाच फुटेल." आणि तो घरी निघून गेला.

डेल्फिना रडकुंडीला आली. "आजोबांना झालंय काय? अगं, कौतुकाचा शब्द आहे तो! कुणाला न भिणारा, सगळ्यांना भारी पडणारा!"

"मास्तरणीनं नव्हतं हो असं सांगितलं," मी फणकारले.

"तुमची मास्तरीण कधीच मेली, आत्याआजी."

आपलेच दात, आपलेच ओठ. तिला बोलावं तर ती आमचीच, त्याला समजवावं तर ज्याचं जळतं त्यालाच कळतं. शेवटी तिला समोर बसवलं आणि घरात कुणी कधी न काढलेली गोष्ट सांगितली.

प्रॉस्पर विशीत होता. एका रविवारी, प्रार्थनेहून येताना, एका परदेशी माणसानं त्याला फोटोसाठी थांबवलं. आईनं नुकताच शिवलेला पांढरा सदरा त्याच्या अंगात होता. त्या माणसानं तो उतरवायला लावला, हातात कुठलंसं धनुष्य दिलं, केसांत कोंबडीची पिसं खोचली. प्रॉस्परला वाटलं, साहेबलोकांची मजा असेल. पुढे बऱ्याच वर्षांनी तो दाढ काढायला राजधानीत, रोझोला गेला, तेव्हा एका हॉटेलच्या भिंतीवर त्याला तो फोटो दिसला. खाली लिहिलं होतं, 'वाऱ्याकडच्या किनाऱ्यावरचा सॅव्हेज.' मागे फांदीवर सदरा लटकत होता. त्याची एकच बाही फोटोत आली होती, बाकीचा कापला गेला होता. तेव्हापासून हा माणूस चारचौघांत उघड्या अंगानं दिसलेला नाही. डोंगरातून लाकूड ओढतानाही अंगात सदरा असतो, मग तो घामानं भिजून चिंब का होईना.

डेल्फिनाचा चेहरा पडला. ती उठली आणि कुठूनतरी एक फळी आणि खिळे घेऊन आजोबांच्या दारात उभी राहिली. मीही मागोमाग गेले.

"आजोबा, मी यावर फळी ठोकते. नाव दिसणार नाही."

"खिळे मारून माझी होडी चिरू नकोस," प्रॉस्पर म्हणाला. मग तिच्या हातातली फळी काढून भिंतीला टेकवली. "मला एक सांग. तो शब्द शिवी आहे की शाबासकी?"

मला वाटलं, पोरगी आता झाडेल भाषण. पण ती उंबऱ्यावर बसली.

"खरं सांगू? मला नाही माहीत. गेल्या वर्षी शर्यतीत आम्ही शेवटी होतो, तेव्हा धक्क्यावरची पोरं तेच ओरडत होती. मग आम्ही दोन होड्यांना मागे टाकलं, तेव्हाही तेच ओरडली. माणसं तीच, आवाजही तोच. मी दोन्ही वेळा नुसतं जोरात वल्हवलं."

"मग कोरलंस कशाला?"

"आवडलं म्हणून."

"आवडलं," प्रॉस्पर स्वतःशीच म्हणाला. आत जाताना त्यानं फळी उचलून आपल्या खाटेखाली सरकवून दिली. बसणार की नाही, ते सांगितलंच नाही. मी डेल्फिनाकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. दोघींनाही काही उलगडा झाला नाही.

शनिवारी सगळं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. पोरी वल्ही धरून उभ्या होत्या. कुणी कुजबुजलं, दुसऱ्या कुणाला बसवा. डेल्फिना म्हणाली, "आजोबा नाहीत तर शर्यत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि शब्द तिनंच कोरला असला तरी त्या क्षणी मला तिचा राग येईना.

तेवढ्यात प्रॉस्पर आला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, काळी विजार, प्रार्थनेला घालायचे बूट. त्या बुटांनिशीच तो गुडघाभर पाण्यात शिरला. पोरींनी होडी उचलून आणली. त्या कोरलेल्या अक्षरांवरच हात टेकून तो आत चढला आणि ताठ बसला.

धक्क्यावरून एका तरुण पाहुण्यानं फोन उंचावला, होडीवरचं नाव वाचलं आणि मोठ्यानं ओरडला, "सॅव्हेज!"

प्रॉस्परनं माझ्याकडे मान वळवली. "युफी, काय म्हणाला तो?"

"तेच."

"कुठल्या अर्थानं?"

"मला काय ठाऊक, दादा? हसतोय खरा. पण हसण्याचं काय, तो जुना फोटोवालाही हसतच होता."

प्रॉस्परनं गळ्याचं वरचं बटण लावलं. थरथरत्या बोटांना ते पटकन जमेना, पण कुणाला हात लावू दिला नाही. मग त्यानं तोंड त्या फोनकडे केलं.

"काढू दे त्याला," तो म्हणाला. "तू फक्त बघ, सदरा नीट दिसतोय ना?"

मला हुंदका आवरेना. लाजेचा होता की अभिमानाचा, अजूनही मला सांगता येत नाही.

"दिसतोय, दादा," मी म्हटलं. "दोन्ही बाह्या दिसतायत."